तिघांनी वाचायची बाटली

एक्स-रे विभागाच्या भिंतींत शिसं भरलेलं असतं. त्यातून किरण बाहेर जात नाहीत, पण टोपणनावं जातात. त्यामुळे आपल्याला माघारी पुन्हाकाका म्हणतात हे त्या टेक्निशियनला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. त्याला त्याचं काही वाटलं नाही. माणसाला आणखी वाईट नावं पडू शकतात, आणि त्याच विभागात पडलेलीही होती.

नाव पडलं ते एका सवयीमुळे. पाठीच्या कण्यात डाय सोडून फोटो काढायचे असले, म्हणजे मायलोग्राम असला, की बाटली फोडण्याआधी तिच्यावरचं लेबल मोठ्याने वाचायचं. आधी त्याने, मग नर्सने, मग डॉक्टरने. नाव, ताकद, तारीख आणि खालची बारीक अक्षरातली ओळसुद्धा. कुणी पुटपुटलं, घाई केली किंवा तारीख गिळली, की तो शांतपणे म्हणायचा, "पुन्हा." मोठमोठ्या डॉक्टरांना त्याने शाळेतल्या पोरांसारखं पुन्हा वाचायला लावलं होतं. त्यांतले दोघे रागावले, एकाने तक्रार केली, पण शेवटी तिघांनीही वाचलं.

तपासणी समजायला सोपी आहे, करायला नाही. पेशंटला पालथं झोपवायचं, कंबरेत बारीक सुई घालायची आणि मज्जारज्जूभोवती जे पाणी असतं त्यात डाय सोडायचा. मग टेबल तिरकं करून डोकं खाली न्यायचं. डाय मणक्यामणक्याने पुढे सरकतो आणि जिथे काही दाबत असेल तिथे अडतो. तेवढा फोटो मिळाला की सर्जनला कळतं, कुठे उघडायचं. नावाला डाय, रंग म्हणाल तर नळाचं पाणी. पेशंट विचारायचे, निळा असतो की लाल? हा सांगायचा, फोटोत पांढरा दिसतो, बाहेर काहीच दिसत नाही.

खरी मेख तिथेच होती. मूत्रपिंडाच्या तपासणीसाठी शिरेत द्यायचा डायसुद्धा तसाच पाण्यासारखा, तेवढ्याच बाटलीत, बहुतेक वेळा त्याच कंपनीचा. तो शिरेत चालतो, कण्यात गेला तर माणूस जातो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, आधीच्या एका हॉस्पिटलात, त्याने तसा एक माणूस जाताना पाहिला होता. मालगाडीचा ड्रायव्हर, पाठ दुखते म्हणून चालत आला होता, आणि बूट काढून टेबलाखाली नीट जोडीने ठेवले होते. बाटली याने दिली नव्हती. पण ती त्याच्या डोळ्यांसमोर होती, आणि त्याने लेबलाकडे पाहिलं नव्हतं. बूट संध्याकाळपर्यंत तिथेच होते. ते उचलून बायकोच्या हातात द्यायचं काम याच्याकडे आलं. त्यानंतर त्याने कुणालाही बाटली न वाचता फोडू दिली नाही.

मधल्या काळात एमआरआय आलं आणि मायलोग्राम मागे पडला. पूर्वी आठवड्याला चार व्हायचे, आता सहा महिन्यांत एखादा. तिरकं होणारं ते जुनं टेबल कोपऱ्यातल्या खोलीत पडून असायचं आणि लोक त्यावर फायली ठेवायचे. हा दर सोमवारी फायली उचलायचा, टेबल वरखाली करून बघायचा, घोट्याचे पट्टे ओढून बघायचा. पंधरा अंशांवर टेबल हटकून एक हिसका द्यायचं. त्याच्या अलीकडे अर्धा क्षण हात सैल सोडला की हिसका बसत नसे. ही गोष्ट कुठल्याही पुस्तकात लिहिलेली नव्हती, फक्त याच्या उजव्या हाताला माहीत होती.

घरी बायको शाळेचे गणवेश शिवायची. पायाने चालवायचं मशीन, वर्षाला सातशे-आठशे खिसे. इतर घरांत जेवताना शेजाऱ्यांची उणीदुणी निघतात, या घरात मणके निघायचे. तिला ड्रायव्हरचे बूट माहीत होते, पंधरा अंशांचा हिसका माहीत होता, कुठल्या डॉक्टरने तारीख गिळली होती तेही माहीत होतं. तीस वर्षं ती "हं" म्हणत खिसे जोडत राहिली. आपलं बोलणं ती ऐकत नाही अशी त्याची समजूत होती, आणि त्या भरवशावर तो निवांतपणे बोलत होता.

सहा वर्षांपूर्वी तिला पेसमेकर बसला. त्यातून ती सहीसलामत उठली. या वर्षी मात्र पाय कुरकुरायला लागले. आधी टाके लहानमोठे पडायला लागले. पन्नास खिशांची तक्रार शाळेतून आली, जी आयुष्यात कधी आली नव्हती. मग एक दिवस ती भाजी घेऊन एकाच चपलेने घरी आली. दुसरी कुठे निसटली तिला कळलंच नव्हतं. त्याने विचारलं, पायाला खडे टोचले नाहीत का? ती म्हणाली, टोचले असतील. दुसऱ्याच दिवशी त्याने तिला सर्जनकडे नेलं. कारण पाय जेव्हा असं उत्तर देतात तेव्हा दुखणं पायात नसतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

सर्जनने तपासलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. मज्जारज्जूवर कुठेतरी काहीतरी दाबतंय. महिनाभरात सोडवलं तर पाय राहतील, नाहीतर दोन्ही जातील. पण कुठे ते कळल्याशिवाय चाकू लावता येणार नाही. तिचा पेसमेकर जुन्या पद्धतीचा, एमआरआयच्या चुंबकाजवळ नेता येत नव्हता. म्हणजे उरला मायलोग्राम. म्हणजे उरलं ते कोपऱ्यातलं टेबल.

इन्चार्ज बाईंनी त्याला बोलावून घेतलं. घरच्या पेशंटवर घरच्याने काम करू नये, त्यांनी नियम सांगितला. त्याने मान्य केलं आणि विचारलं, मग टेबल कोण चालवणार? दुसरा टेक्निशियन नव्या मशीनवर उस्ताद होता, पण या टेबलावर त्याने पेशंटला घसरगुंडी खेळवली असती, आणि हे त्याने स्वतःच कबूल केलं. बाईंनी नियमाकडे पाहिलं, मग टेबलाकडे पाहिलं, आणि ठीक आहे म्हणाल्या.

बाटली त्यानेच मागवली. आदल्या दिवशी खोकी आली ती त्यानेच कपाटात लावली. सकाळी तिला टेबलावर घेतल्यावर कपाट त्यानेच उघडलं. चष्मा मास्कच्या वाफेने धुरकटला होता म्हणून काढून खिशात ठेवला होता, असं तो पुढे सांगायचा. वाफ मास्कची नव्हती. टेबलावर तिला पालथी झोपवताना तिचा उजवा पाय त्याला स्वतःच्या हाताने उचलून सरळ करावा लागला होता, आणि घरात रोज हे करूनही इथे, घोट्याला पट्टा बांधताना, त्याला ते सहन झालं नव्हतं.

त्या दिवशी खोलीत सगळे त्याच्याशी फार चांगले वागत होते. तीच पंचाईत झाली. नर्स एरवी लेबल वाचताना डोळे फिरवायची, तिने आज काकांना त्रास नको म्हणून बाटली झटकन हातात घेतली. डॉक्टर मॅडम तरुण होत्या, त्यांचा हा तिसरा मायलोग्राम. काकांच्या बायकोला जास्त वेळ पालथं ठेवायचं नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. आणि वाचायचं म्हणाल तर ते काका सुरू करतात. इतकी वर्षं त्यांनीच सुरू केलं होतं, त्यामुळे दुसऱ्या कुणाला ते सुरू करायची सवयच लागली नव्हती. एका माणसाने सगळ्यांच्या वाट्याची काळजी घेतली की बाकीचे निर्धास्त होतात. ही त्याचीच चूक म्हणावी लागेल, आणि तीस वर्षांत ती कुणाच्या लक्षात आली नव्हती.

सुई नीट बसली. स्वच्छ पाण्याचे थेंब आले. नर्सने बाटलीचं झाकण काढलं, मॅडमनी सिरिंज भरली. तो पायाशी उभा, हात टेबलाच्या खटक्यावर, आणि नजर त्या उजव्या टाचेवर.

टेबलावरून आवाज आला. उशीत गाल रुतलेला असल्यामुळे तो जरा चेपलेला होता.

"बाटली वाचली नाही अजून."

मॅडमचा हात थांबला.

"तुम्ही तिघं वाचता ना?" ती म्हणाली. "मला एकाचाही आवाज आला नाही."

त्याने खिशातून चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, नर्सच्या हातातून बाटली घेतली आणि खिडकीकडे धरली. पहिला शब्द त्याने मोठ्याने वाचला. दुसऱ्याची गरज पडली नाही. मूत्रपिंडाचा डाय होता.

"ही नाही," तो म्हणाला.

मॅडमनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. नर्स भिंतीला टेकली. तो मात्र सरळ कपाटाकडे चालत गेला. कपाट सात पावलांवर होतं, त्याने ती मोजली, कारण काहीतरी मोजत राहिलं नाही तर आपण खाली बसू असं त्याला वाटलं. खालच्या खणात, स्वतःच्या हाताने ठेवलेलं, बरोबर खोकं होतं. त्याने बाटली आणली. सिरिंज नवी घेतली. त्याने वाचलं, नर्सने वाचलं, मॅडमनी वाचलं. खालची बारीक ओळसुद्धा.

"पुन्हा," टेबलावरून आवाज आला.

तिघांनी पुन्हा वाचलं.

पुढचं सगळं रीतसर झालं. तिला हनुवटी पुढे काढून मान वर धरायला सांगितलं, म्हणजे डाय डोक्यात शिरत नाही. ती म्हणाली, माहीत आहे. टेबल खाली जायला लागलं, पंधरा अंशांच्या अलीकडे त्याने हात सैल सोडला आणि हिसका बसला नाही. पडद्यावर पांढरी रेघ कंबरेपासून वर सरकली, एक मणका, दुसरा, तिसरा, आणि पाठीच्या मध्यावर येऊन गचकन थांबली. दोऱ्यात गाठ आली की सुई जशी अडते, तशी. त्याने फोटो घेतला, चार कोनांतून. जागा सापडली होती.

तपासणीनंतर तिला डोकं उंच ठेवून पाणी पीत पडून राहायचं होतं. ती पडून राहिली. तो विभागात परत आला आणि त्याने चुकांची वही काढली. ही वहीही त्यानेच सुरू केलेली. चार रकाने: तारीख, चूक, कोणाची, कोणी पकडली. तीस वर्षांत त्याने त्यात डॉक्टर लिहिले होते, नर्सा लिहिल्या होत्या, एकदा इन्चार्ज बाईंनाही लिहिलं होतं. बाई म्हणाल्या, काही झालं नाही ना, मग जाऊ दे की. त्याने लिहिलं. तारीख घातली, चूक लिहिली, तिसऱ्या रकान्यात स्वतःचं नाव आणि हुद्दा लिहिला. अक्षर नेहमीसारखं होतं. चौथा रकाना कोरा सोडला.

चार दिवसांनी ऑपरेशन झालं. मज्जारज्जूच्या आवरणाला चिकटलेली गाठ निघाली, सुपारीएवढी, साधी. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने चादरीखाली उजव्या पायाचा अंगठा हलवला. तो खुर्चीवर बसला होता. त्याला वाटलं चादर वाऱ्याने हलली, म्हणून त्याने उठून खिडकी लावली. चादर पुन्हा हलली. मग तो पलंगाच्या कडेला बसला आणि रडला. तिने रडू दिलं.

जरा वेळाने तिने विचारलं, "ती पहिली बाटली कपाटातून कोणी काढली होती?"

हा प्रश्न येणार हे त्याला माहीत होतं. सात दिवस त्याने उत्तराची तयारी केली होती. त्यात खोकी सारखी होती, मास्क होता, वाफ होती.

"मी," तो म्हणाला.

तिने चादरीखाली अंगठा पुन्हा एकदा हलवून पाहिला. तेवढ्या वेळात त्याच्या मनात काय काय येऊन गेलं ते विचारू नये.

"बरं झालं," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणी काढली असती तर तुम्ही त्याला जन्मभर सोडलं नसतंत." आणि मग, "माझी चप्पल आणा उद्या. दोन्ही."

तो तसाच खाली विभागात गेला, वही उघडली आणि चौथा रकाना भरला: बायकोने. इन्चार्ज बाई खांद्यावरून बघत होत्या. त्या म्हणाल्या, इथे नातं चालत नाही, या रकान्यात हुद्दा लिहायचा असतो.

"हुद्दाच आहे," तो म्हणाला, आणि त्याने वही मिटली.