दातात धरलेली चिलीम

निपाणीच्या गंगव्वानं बावीस वर्षं वखारीत तंबाखू चाळला. त्यावरच तिची लेक करिष्मा पुरातत्त्व शिकली आणि घाना देशातल्या एका उत्खननावर तीन महिने काम करून आली. आली ती अस्वस्थ होऊनच. जेवता जेवता उठायची, लॅपटॉप उघडून पुन्हा मिटायची.

"काय हरवलंय गं तुझं?" गंगव्वानं शेवटी विचारलं.

करिष्मानं फोटो दाखवले. मातीच्या चिलमी. काही तिथल्याच कुंभारकामाच्या, तांबड्या, नक्षीच्या. काही युरोपातून आलेल्या, पांढऱ्या, लांब नळीच्या.

"चिलीम ज्या थरात सापडती, तो थर तंबाखू आल्यानंतरचा. चारशे-साडेचारशे वर्षांच्या अलीकडचा. त्यावरनं काळ ठरतो."

"मग त्यात जीव जाळण्यासारखं काय हाय?"

"आई, पुढं ब्राझीलचा तंबाखू जहाजानं घानात यायला लागला. काकवी लावून. तिथल्या मळ्यात गुलाम राबायचे. आणि तोच तंबाखू देऊन व्यापारी घानातली माणसं इकत घ्यायचे, आणखी गुलाम करायला."

"तंबाखूवर माणसं?" गंगव्वानं एका पांढऱ्या नळीवर बोट ठेवलं. "ह्याच्यावर दात उमटल्यात बघ. दोन्ही हात कामात असणार ओढणाऱ्याचं. पोती उचलताना आमचा मष्णू हमाल अशीच विडी धरायचा. तू लिवलंस हे?"

"न्हाय. उत्खननाचे प्रमुख सर म्हणाले, 'व्यापारी माल' एवढंच लिहा."

"आणि तू ऐकलंस?"

करिष्मानं त्याच दुपारी उत्खननाच्या अहवालात दोन वाक्यं घातली. एक, त्या काळच्या जहाजांच्या नोंदींच्या आधारे: या तंबाखूच्या मोबदल्यात माणसं नेली गेली. दुसरं, दातांच्या खुणांवरून: ओढणारा बहुधा काम करता करता ओढत होता. अहवाल सरांना पाठवला; चार दिवस उत्तर नाही. ती घर ते बसस्टँड फेऱ्या मारत राहिली, फोन हातातच.

पाचव्या दिवशी सरांचा फोन आला. "दातांवरून गुलामगिरी सिद्ध होत नाही, करिष्मा."

"नाही होत, सर. म्हणूनच नोंदींचं वाक्य वेगळं आहे."

सर म्हणाले, "नोंदींचं राहू दे. दातांचं काढतो. तो तर्क आहे."

गंगव्वाला हे कळलं तेव्हा ती भडकली. "तर्क? एक दिस वखारीत राबा म्हणावं त्यास्नी!"

करिष्माला हसू आलं नाही. नोंदींचं वाक्य छापून येणार होतं, तरी जिवाला थारा नव्हता. गाळलेलं वाक्य तिनं वहीत उतरवलं आणि अशा आणखी चिलमी शोधण्यासाठी पुढच्या हंगामाच्या उत्खननाचा अर्ज भरायला घेतला.