कन्हानपलीकडे अळ्या मोजायला

मामाजी सोबत येणार असतील तरच मी जायचं, असं घरात ठरलं आणि माझा प्रवास पक्का झाला. मामाजी म्हणजे माझे सासरे. सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडची ही गोष्ट. मी नागपूरला कीटकशास्त्र शिकत होते, लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि सुनेनं परक्या गावात शेतं हिंडावीत हे सासूबाईंना पसंत नव्हतं. तोड मामाजींनीच काढली. मला मात्र वेगळीच धास्ती. त्यांच्यासमोर माझा पदर डोक्यावरून ढळत नसे. दिवसभर बोलायचं काय?

हिवाळ्याची सकाळ. नागपूरच्या महाल भागातल्या घरून सायकलरिक्षानं एसटी स्टँड, मग कामठीवरून नदी ओलांडून कन्हान गाव. आज हा रस्ता रुंद आणि गुळगुळीत झालाय, तेव्हा कोळशाच्या ट्रकांमागे धूळ खात जावं लागे. खर्च म्हणाल तर दोघांची तिकिटं आणि कन्हानच्या टपरीवरचा चहा-आलूबोंडा, एवढाच. तिथून पुढे बंडी. बैलांच्या चालीनं मामाजी खुशीत आले आणि अळ्या मोजून काय कळतं, असं विचारू लागले.

मी सांगितलं. तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या हिरव्या अळ्या रोगानं मरतात, त्यांच्यावर जगणाऱ्या बारीक माश्यांमुळेही मरतात. दवा न मारता आपोआप किती मरतात, ते मला हवं होतं. त्यासाठी तिथल्या नामदेवभाऊ नावाच्या शेतकऱ्यांनी तुरीचा एक तुकडा फवारणीविना ठेवायचं कबूल केलं होतं.

नामदेवभाऊ बाजाराला गेले होते. त्यांची बायको पार्बताबाई आम्हाला शेताच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, सोडून परतली. झाडाखाली पांढरं कापड अंथरायचं, झाड हलवायचं, पडलेल्या अळ्या मोजायच्या. झाडं हलवायचं काम मामाजींनी हौसेनं घेतलं. पानं दवानं ओली होती, त्यांच्या सदऱ्याच्या बाह्या भिजल्या.

मेलेल्या अळ्या भराभर पडू लागल्या. मी हरखले. मग कापडावर एक कोळी पडला, मेलेला. मग मधमाशी. मग आणखी दोन. रोगानं अळ्या मराव्यात, मधमाश्या कशाला? मी पान नाकाशी नेलं. लसणासारखा उग्र वास आला.

मागे वळले तर मामाजी घाम पुसत होते, त्या थंडीत. तोंडाला लाळ सुटली होती. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. उन्हानं होतंय, म्हणाले आणि खाली बसले.

मी ओरडत विहिरीकडे धावले. पार्बताबाई आली, माझा चेहरा पाहून तिला समजलं. "बाई, काल सांजले माह्या देरानं दवा मारली वं. त्याले हा तुकडा सोडाचा हाय हे कोनी सांगतलंच नाही." तिचा देर म्हणजे नामदेवभाऊंचा भाऊ.

मामाजींना आम्ही दोघींनी विहिरीपाशी आणलं. ओल्या बाह्यांतून विष कातडीत शिरत होतं, मी सदरा काढायला सांगितलं. ते मान हलवत राहिले. सुनेसमोर उघडं व्हायचं त्यांना मरणाहून जड वाटत होतं. मी पदर खोचला, बटणं तोडली आणि डोक्यावरून पाणी ओतलं. पार्बताबाईनं आणून दिलेला साबण लावला, पुन्हा ओतलं. ते डोळे मिटून बसले होते. मग मी माझेही हात कोपरापर्यंत चोळून धुतले, तीच पानं मीही हाताळली होती.

पुढचं तुटक आठवतं. नामदेवभाऊंचं धोतर नेसवून त्यांना बंडीत घातलं. पार्बताबाई कन्हानपर्यंत सोबत आली. एका कोळशाच्या ट्रकवाल्यानं न विचारता दार उघडलं. कामठी संपेना. मामाजींच्या दंडाचे स्नायू कातडीखाली उडत होते. ते उडायचे थांबले तर काय, एवढंच माझ्या डोक्यात. ट्रकवाल्यानं थेट नागपूरच्या रामदासपेठेतल्या दवाखान्याच्या दारात नेलं. फवारणीचं विष म्हटल्यावर डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. संध्याकाळी बाहेर येऊन म्हणाले, "अंग धुतलंत म्हणून वाचले."

निरोप मिळून आलेल्या सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. कोणी धुतलं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी. त्यांनी माझ्या खोचलेल्या पदरावर नजर टाकली आणि त्या आत निघून गेल्या. त्या नजरेला मी शेताहून जास्त घाबरले.

मामाजी घरी आले. बरेच दिवस त्यांच्या हातातला घास सांडत असे. माझी मोजणी वाया गेली होती, दुसरं शेत शोधायचं होतं, पण घरात तो विषय काढायची माझी हिंमत नव्हती. शेवटी जेवताना मामाजींनीच विचारलं, आता कोण्या गावाला जायचं?

सासूबाईंनी ताटावरची नजर न उचलता मामाजींकडे हात केला. "यायले नाही धाडत आता. मी येतो तुह्यासंगं."

आणि त्या आल्या. त्या हिवाळ्यातली गावं आज मला धड आठवत नाहीत. तुम्ही त्या बाजूला गेलात तर तूर दिसेल, नदी दिसेल. मला दिसतं ते एवढंच: धुऱ्यावर सासूबाई माझं मनगट घट्ट धरून उभ्या आहेत. दवा मारली का, असं शेतकऱ्याला विचारून झालंय, त्याच्या बायकोला वेगळं विचारून झालंय, आणि आता घरातून त्याच्या भावाला बोलावणं गेलंय.