सिहोऱ्याकडे निघालेला ट्रक

थापा मारण्यात माझा हात धरणारा अख्ख्या जबलपुरात नव्हता. आमच्या रांझीच्या चौकात मी छातीठोक सांगून ठेवलं होतं, की माझ्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरवर दुनियेतला कुठलाही गेम पळतो. खरं तर त्या जुन्या कॉम्प्युटरवर तोवर पत्त्यांच्या डावापलीकडे काही पळालं नव्हतं.

ही बढाई बाबांच्या कानावर गेली. बाबांनी जन्मभर कारखान्यात फौजी ट्रकांचे ब्रेक बसवले. झोपेतसुद्धा रस्त्यावरच्या गाडीचा आवाज ऐकून सांगत, "ब्रेक घासून राहिला." पण स्वतः ट्रक कधी चालवला नव्हता. लकव्यानं खाटेला खिळले, आणि एक दिवस म्हणाले, "तो ट्रकवाला गेम लाव ना बेटा. सिहोऱ्यापर्यंत जाऊन येऊ."

गेम विंडोजसाठी बनलेला. लिनक्सवर चालवायचा तर मधे दुभाष्यासारखा एक प्रोग्रॅम बसवावा लागतो. तीन दिवस मी इतक्या कमांड मारल्या, की एन्टरचं बटण झिजून चमचा झालं. चौथ्या दिवशी इंजिन गुरगुरलं. पण पडदा तव्यासारखा काळा!

कॉम्प्युटर बाबांच्या उशामागे होता. मान वळत नसल्यानं त्यांना पडदा दिसत नव्हता.

"निघालो?"

"निघालो म्हणजे! रांझी मागे पडली. ओमतीच्या ठाण्यासमोर हवालदारानं सलाम ठोकला."

"काहून?"

"फौजी गाडी आहे ना, बाबा!"

ते अर्ध्या तोंडानं हसले. आई चिडली, "काहून खोटंनाटं सांगून राहिला त्याइले?"

"सांगू दे," बाबा म्हणाले. "समोर पाहून चालव म्हणा."

मग रोज दुपारी निघायचो. सिहोरा मी येऊ देत नव्हतो. कधी रेल्वेचं फाटक आडवं घालायचो, कधी चार हत्तींची वरात. पडदा उजळला, की बाबांना पडद्याकडे तोंड करून बसवीन, सिहोरा त्यांना डोळ्यांनी दाखवीन, असा बेत होता. कुणाला विचारलं असतं तर! पण चौकात एवढी छाती फुगवल्यावर विचारणार कुठल्या तोंडानं?

बाबा एका सकाळी गेले.

तेरावं झाल्यावर ओमतीतल्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेलो. त्यानं एवढंच विचारलं, "भैया, ग्राफिक्स ड्रायव्हर डाला था?"

नव्हता टाकला. पडद्यावर चित्र उमटवणारा तो प्रोग्रॅम, घाईत तेवढाच राहिला होता. दहा मिनिटांचं काम निघालं.

घरी येऊन गेम लावला. पडदा उजळला. ट्रक गॅरेजमध्ये उभा होता, तोंड भिंतीकडे. हँडब्रेकचा लाल दिवा लागलेला. इतक्या दुपारी मी इंजिन नुसतं गुरगुरवत होतो. चाक बोटभरही हललं नव्हतं.

आणि शेवटच्या दुपारी बाबा डोळे मिटून म्हणाले होते, "गाडी चांगली चालवतो तू, बेटा. एकही धक्का नाही लागला."