कंपनीच्या पैशातले दात

माझे पुढचे दात गेले तेव्हा पेन्शनला चार वर्षं उरली होती. जर्मनीत नेकारसुल्मजवळच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मी भाज्या चिरायचे. चौथी शिकलेल्या बाईला ते काम बरं होतं. हे वारल्यापासून घरात बोलायला कोणी नव्हतं. मुलगा बॉनला, त्याचा फोन रविवारी. खरं बोलणं व्हायचं ते जेवणाच्या सुट्टीत, भांडी धुणाऱ्या पोलिश बाईशी. दोघींचं जर्मन सारखंच मोडकं, त्यामुळे लाज नव्हती.

दात गेले आणि मी तिच्यासमोर बसणं सोडलं. घास तोंडातून बाहेर यायचा. कोठीच्या खोलीत बटाट्यांच्या पोत्यांशेजारी बसून दहीभात गिळायचे. बोलताना तोंडावर हात धरायचे.

"माझ्यावर रागावलीस?" तिने विचारलं.

"नाही. पोट बरं नाही."

"सहा महिने?"

मी डबा उचलून कोठीत गेले. मग तिनेही विचारणं सोडलं.

कंपनी प्रत्येक कामगाराला दरवर्षी औषधपाण्यासाठी ठरावीक रक्कम द्यायची. चष्मा करा, दात करा, बिल पाठवा, पैसे परत. त्याला गेझुंडहाइट्सबुजेट म्हणायचे. एका वर्षाच्या रकमेत कवळी होत नव्हती. मी ठरवलं, दोन-तीन वर्षांचं साठू दे, मग एकदाच चांगली करू. ती पोलिश बाई तिसऱ्या वर्षी मार्चअखेर पेन्शनवर जाऊन गावी परतणार होती. त्याआधी तिच्यासमोर बसून नीट जेवायचं होतं.

तिसऱ्या जानेवारीत मुलाला फोनवर सांगितलं, आता पुरेसे जमले.

"अगं आई, ते साठत नाही! डिसेंबर संपला की गेलं. मला आधी विचारायचंस ना."

"विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, मी देतो."

"मग? दिलेच असते."

"म्हणूनच नाही विचारलं."

त्या वर्षाची रक्कम घेतली, उरलेले पदरचे घातले. हे पहिल्याच वर्षी करता आलं असतं. पण दातांच्या डॉक्टरांनी मापं घेतली, मुळं काढली, हिरड्या भरायला वेळ लागेल म्हणाले. मार्च संपला.

तिच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांनी केक कापला. माझी बशी तशीच राहिली. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "आता तरी सांग, मी काय केलं?"

मी तोंड उघडून दाखवलं.

तिने बघितलं. मग स्वतःची वरची कवळी काढून तळहातावर ठेवली. "बारा वर्षं झाली," ती बोबडं बोलली. "मूर्ख बाई!"

आम्ही खूप हसलो. चारच्या बसने ती गेली.

माझी कवळी मेमध्ये आली. छान बसली. जेवणाच्या सुट्टीत मी पुन्हा मोठ्या खोलीत बसायला लागले. माझ्या टेबलावर दुसरं कोणी येत नसे.