चॉकलेट आंटींचं एक्सटेन्शन

माझ्या सासूबाई चॉकलेट कानाने पारखायच्या. वडी कानाजवळ धरून मोडायची. ‘कट्ट’ असा आवाज आला तर ती डब्यात, आणि नुसतीच वाकली तर परत पातेल्यात. मी लग्नाआधी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या डोळे मिटून इतक्या गंभीरपणे बसल्या होत्या, की मला वाटलं रेडिओवर काही वाईट बातमी लागली आहे. मग डोळे उघडून म्हणाल्या, “ही पास. आता तू बस.”

सासरे केंद्र सरकारच्या एका खात्यात होते, आणि घर म्हणजे दिल्लीच्या सरोजिनी नगरमधला दोन खोल्यांचा क्वार्टर. शेजारच्या मिसेस भाटियांकडून सासूबाई चॉकलेट करायला शिकल्या आणि वर्षभरात गुरूच्या पुढे गेल्या. कॉलनीत त्यांना सगळे ‘चॉकलेट आंटी’ म्हणत. सासऱ्यांना मात्र धाकधूक. सरकारी क्वार्टरमध्ये धंदा करायचा नसतो, हे ते रोज जेवताना सांगत. सासूबाईंचं उत्तर ठरलेलं होतं : “धंदा कुठला? माझा छंद आहे. लोक छंदाचे पैसे देतात, त्याला मी काय करू?”

गुडगावात तेव्हा काचेची ऑफिसं उभी राहत होती, आणि दिवाळीला तीच ती बर्फी वाटून कंटाळलेले साहेब काहीतरी नवं शोधत होते. अशाच एका कंपनीने सासूबाईंना दोनशे डबे सांगितले. ऑक्टोबर होता, पण दिल्लीचा उन्हाळा अजून हटला नव्हता. पंख्याखाली चॉकलेट धरेना, आणि कूलर लावला की त्याच्या दमट हवेने वर पांढरे डाग पडत. आमच्या ब्लॉकमध्ये एसी एकच, भाटियांच्या बेडरूममध्ये. चार दिवस त्यांच्या डबलबेडवर आमचे ट्रे मांडलेले होते आणि भाटियाजी बाहेर दिवाणावर. “भाभीजी, मेरे बेड पे चॉकलेट सो रहा है,” ते येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे. पहिला डबा अर्थातच त्यांना गेला.

सासरे निवृत्त झाल्यावर आम्ही दिल्लीतल्याच द्वारकेला सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये आलो. आता चॉकलेटला स्वतःची एसी खोली होती. मीही शाळेतली नोकरी सोडून त्यांच्या हाताखाली आले. आणि दुसऱ्याच दिवाळीला मी घोळ घातला.

सासूबाई भाचीच्या लग्नाला नागपूरला गेल्या होत्या. खऱ्या चॉकलेटला लागणारं कोको बटर वेळेवर आलं नाही, म्हणून मी बाजारातून वनस्पती तूप घातलेल्या स्वस्त चॉकलेटच्या तयार लाद्या आणल्या, वितळवून साच्यांत ओतल्या आणि डबे गुडगावच्या एका ऑफिसला पाठवून दिले. रंग तोच, चकाकी उलट जास्तच. सासूबाई परत आल्या, उरलेल्यातली एक वडी उचलून त्यांनी मोडली आणि विचारलं, “हे काय आहे?”

मी खरं सांगितलं. त्या तडक उठल्या. साडी बदलली, मला म्हणाल्या, “चप्पल घाल,” आणि आम्ही ऑटोने थेट त्या ऑफिसात. तिथला खरेदी बघणारा तरुण मॅनेजर हसायलाच लागला. “आंटीजी, किसी ने कंप्लेंट नहीं की.”

“बेटा, कंप्लेंट मेरी है,” सासूबाई म्हणाल्या.

सगळे डबे टेम्पोत घालून परत आणले. सहा दिवस घरात दुसरं काही शिजलं नाही. सासरेसुद्धा चष्मा लावून चांदीचा कागद गुंडाळत बसले. मी मात्र त्या दिवशी परतताना ऑटोत रडत होते. सासूबाईंनी रस्त्याकडे बघतच माझा हात धरला. “अगं, चुकलीस त्याचं काही नाही. मला फोन करून विचारायचं होतंस. कदाचित मीही ‘घाल’ म्हटलं असतं. मग दोघींनी मिळून शिव्या खाल्ल्या असत्या.”

त्या मॅनेजरने पुढे तीन नोकऱ्या बदलल्या. प्रत्येक ठिकाणहून पहिली दिवाळीची ऑर्डर आमच्याकडेच आली.

माझी मुलगी इरा फूड टेक्नॉलॉजी शिकली आणि तिने गुडगावपुढच्या मानेसरला छोटं युनिट टाकलं. चॉकलेटचं तापमान सांभाळणारं मशीन पाहून सासूबाई त्याच्याभोवती दोनदा फिरल्या. “इतकं डोकं थंड ठेवून काम करणारं आपल्या घरात हे पहिलंच,” म्हणाल्या. आजूबाजूच्या गावांतून शेअर ऑटोने येणाऱ्या बायका तिथे पॅकिंग करत. सासूबाई केसांना जाळीची टोपी घालून त्यांच्यात बसत, त्यांच्या डब्यातली बाजरीची रोटी खात आणि वेड्यावाकड्या हिंदीत त्यांना रागावत.

ऐंशी पूर्ण झाल्यावर त्यांनी जाहीर केलं, “आता मी रिटायर. पण यांना ऑफिसने हार घातला होता, शाल दिली होती. मला कोण देणार?” इराने रीतसर समारंभ केला. हार, शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. सासूबाईंनी भाषण केलं : “मैंने बहुत छंद किया. अब तुम लोग करो.” छंद म्हणजे काय हे बायकांपैकी कुणालाच कळलं नाही, पण टाळ्या खूप पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला त्या पर्स घेऊन इराच्या गाडीपाशी उभ्या.

“आजी, तू रिटायर झालीस ना?”

“एक्सटेन्शन मिळालंय.”

“किसने दिया?”

“मीच दिलं.”

ते एक्सटेन्शन दोन वर्षं चाललं. जानेवारीतल्या एका सकाळी, चहा घेऊन, पेपर वाचता वाचता त्या गेल्या. चौथ्या दिवशी मानेसरच्या बायका गाडी करून द्वारकेला आल्या. सगळ्यांत जुनी राजबाला माझ्याजवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, “मैडम, माताजी मुझे रोज ‘वेंधळी’ बोलती थीं. इसका मतलब होशियार होता है ना?”

दिल्लीत वाढलेली इरा माझ्याकडे बघू लागली. तिलाही तो शब्द नीटसा ठाऊक नव्हता. मला चार दिवसांत पहिल्यांदा हसू आलं आणि डोळेही भरले.

“बिल्कुल,” मी म्हणाले. “मुझे भी पच्चीस साल यही बोलती थीं.”