हॉकी संघाचा इतिहास, एकूण पाच पानं

"दोन मिनिटं बस," असं म्हणून काका, म्हणजे मंडळातल्या सगळ्यांचेच काका, हवेतलंच एक दार उघडायचे. शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये कोणी तावातावाने बोलायला लागलं की हे ठरलेलं. आइस हॉकीत दांडगाई करणाऱ्या खेळाडूला बाजूच्या काचेच्या खोलीत दोन मिनिटं बसवतात. आमच्या भागातल्या एका छोट्या व्यावसायिक संघाच्या सामन्यांना त्या खोलीचं दार सांभाळायचं काम काकांनी वीसेक हिवाळे केलं. आठवडाभर इंजिनिअर, शनिवारी दारवान. ओठ फुटलेले सव्वासहा फुटी गडी त्यांच्यासमोर मुकाट येऊन बसत. काकांची चण पाहिली असतीत तर तुम्हालाही ते खरं वाटलं नसतं.

पुढे संघ बंद पडला. त्यानंतर थोड्याच दिवसांत काकू गेल्या आणि काकांनी संघाचा इतिहास लिहायला घेतला, तोही मराठीत. मराठीत हॉकी कोण वाचणार, असं मी विचारलं. "इंग्रजीत लिहिणारे गोल मोजतील. मला बाकीचं लिहायचंय," ते म्हणाले.

मंडळाच्या दिवाळी अंकाचा संपादक मी. काकांनी पाच पानं हातात ठेवली, दोन्ही बाजूंना समास सोडून, सुवाच्य अक्षरात. संघाचा पहिला सामना एका जुन्या गोदामात झाला. एका कोपऱ्यात बर्फ गोठेचना, तेव्हा तो कोपरा सोडून खेळायचं दोन्ही संघांनी ठरवलं. मग मालक बदलले, गाव बदललं, संघ कधी अस्वल झाला तर कधी गरुड. एकदाच अंतिम सामन्यापर्यंत पोचले आणि एका गोलने हरले. परतताना बस बंद पडली, तेव्हा काकूंनी दिलेली दाण्याच्या चटणीची सँडविचेस खाऊन सगळे रस्त्याकडेला बसून राहिले.

हे सगळं काकांच्या मराठीत. चेंडूऐवजी असतो तो पक म्हणजे चकती. बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र म्हणजे सारवणगाडी. काचेची खोली म्हणजे प्रायश्चित्तगृह. मी हसून हसून बेजार झालो आणि लेख सरळ विनोदी विभागात टाकला. लेखाला मर्यादा चार पानांची. चौथं पान संघाच्या शेवटच्या सामन्यावर छान संपत होतं, म्हणून पाचवं मी टाइपच केलं नाही. खरं सांगायचं तर वाचलंही नाही. काम झाल्यावर पाचही पानं रद्दीच्या डब्यात टाकली.

प्रकाशनाच्या दिवशी एकाने तो लेख हातवारे करून वाचला. हॉल हसत होता, काकाही हसत होते. जेवणाच्या वेळी मात्र ते अंकाची पानं पुढेमागे करताना दिसले. मग माझ्याजवळ आले.

"शेवटचं पान नाही दिसत रे."

"जागा नव्हती, काका. सॉरी."

"हरकत नाही. ते तेवढं परत दे. हिच्यावर लिहिलं होतं. खेळाडूंच्या जर्सीवर पाठीमागे नावं असतात ना, ती पहिली बारा वर्षं हीच शिवायची. कुठेच नाही ते. मी कॉपी ठेवली नाही."

मी म्हणालो, शोधतो. कचऱ्याची गाडी दोन आठवड्यांपूर्वीच येऊन गेली होती, हे मला माहीत होतं. त्यानंतर काकांचे दोन फोन आले. दोन्ही वेळा मी शोधतोय म्हणालो. खरं सांगितलं असतं तर काका रागावले नसते, आणि मला बहुतेक तेच नको होतं. तिसरा फोन आला नाही. जानेवारीत काका गेले.

या वर्षीच्या अंकात काकूंवर आपणच लिहावं, असं ठरवून बसलो आणि पहिल्याच ओळीत अडलो. अकरा वर्षं त्यांच्या हातचं खाल्लं, पण त्यांचं नाव मला माहीत नव्हतं. बायकोला विचारलं. ती म्हणाली, आपण काकूच म्हणायचो ना. मंडळाच्या यादीत 'काका आणि फॅमिली' एवढंच होतं. काका 'ही' म्हणायचे, नाही तर 'आमच्याकडे'. मला स्वतःची शरम वाटली.

शेवटी टेक्सासमध्ये प्लेनोला राहणाऱ्या त्यांच्या मुलीला फोन केला. तिने नाव सांगितलं, सुमती. मग म्हणाली, "बाबांनी आईचं नाव कधी घेतलंच नाही. वी यूज्ड टू टीज हिम. हॉस्पिटलमध्ये म्हणाले, एकदा लिहिलंय, पूर्ण नावाने. ते पान तुमच्याकडे आहे म्हणाले. दादा, मला फोटो पाठवाल?"

या वेळी मी खरं सांगितलं. पान मी फेकून दिलं, म्हणालो.

 

"इट्स ओके," ती म्हणाली. "पण तुम्ही वाचलं असेल ना? काय लिहिलं होतं बाबांनी?"