सूनबाईची बासरी

ओठाचं ऑपरेशन झालं आणि सासऱ्यांची बासरी सुटली. उभा जन्म नाटकांच्या वाद्यवृंदात काढलेला माणूस. घरात नुसता येरझारा घालू लागला.

सून मागच्या खोलीत नाटकांना संगीत द्यायची. टेबलावर जुना सिंथेसायझर, बटणांनी नि वायरींनी गच्च भरलेला. एका बालनाट्यासाठी तिला बासरी हवी होती. तिने सूर जुळवला, तोच दारातून आवाज आला, "सूनबाई, कुकर झाला वाटतं. बंद कर."

ती हसली. "बाबा, बासरी आहे ती!"

"ही? ही तर श्वासच घेत नाही."

तिने खुर्ची पुढे सरकवली. "मग शिकवा तिला. हे बघा, इथे कच्चा सूर निघतो. तो या फिल्टरमध्ये जातो, तिथे त्याची धार कमी होते. मग शेवटचा टप्पा, सूर कसा उठेल, कसा विरेल, ते इथे ठरतं."

"आणि फुंकर कुठाय?"

यंत्रात नुसती खरखर काढायची सोय होती, एरवी ती वारा-पावसासाठी वापरायची. तिने ती खरखर फिल्टरमधून गाळून सुराआधी किंचित सोडली.

"एवढी नको, टायर पंक्चर झालंय का? हं... आता सूर सावकाश उठव. एकदम उडी मारायला तो बेडूक नाही." तिने सुरात कंप मिसळला. "अगं, पहिल्यापासून थरथरतोय कशाला, थंडी वाजतेय? आधी स्थिरावू दे, मग हलू दे. आणि जोरात फुंकलं की आवाज नुसता मोठा होत नाही, उजळतो."

कळ जोरात दाबली की फिल्टर जास्त उघडेल आणि सूर उजळेल, अशी तिने वायर जोडली आणि एक लांब सूर धरला. सासऱ्यांचे डोळे मिटलेले, बोटं मात्र मांडीवर हलत होती, नसलेली भोकं झाकत, उघडत.

तालमीत दिग्दर्शकाने विचारलं, "बासरीवाला कोण हो? झकास!"

"वाजवली हिने," सासरे ताठ मानेने म्हणाले, "फुंकर आमची."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहाचा कप घेऊन आपणहून त्या खुर्चीत येऊन बसले.

"काय गं, या डब्यातून व्हायोलिन निघतं का? माझा एक दोस्त वाजवायचा. बेसूरच वाजवायचा म्हणा, पण सुरुवात कुठून तरी करायला हवी."